बेचाळीस नंबरचा दरवाजा

अप्पा, विमान चार तास उशिरा सुटणार आहे. गोव्याच्या या विमानतळावर खुर्च्या भरपूर आहेत, पण मला एकीवरही बसवत नाही. तीनदा जागा बदलली. चहा घेतला, अर्धा टाकला. तू असतास तर म्हणाला असतास, "गो, तुझ्या पायाक भिंगरी लागली काय?" तू नाहीस. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि एवढ्या दिवसांत मी तुझ्याशी एक अक्षर बोललेले नाही. माणसं येत होती, बसत होती, "कसा झाला, काय झाला" विचारत होती आणि मी तेच तेच सांगत होते. सकाळी आंब्याच्या कलमांत गेला, दहाला परत आला, पडवीत बसला, पाणी मागितलं, आई तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. इतक्यांदा सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं मी तिथेच होते. तुझी बातमी आली तेव्हा मी डब्लिनमधल्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. तुझ्या समजुतीप्रमाणे त्या वेळी मी कॉलेजात असायला हवं होतं.

लॅपटॉप मांडीवर घेऊन हे लिहितेय. शेजारच्या बाईंना वाटत असेल, काही ऑफिसचं काम असावं. तुला लिहिण्याचं काम माझ्याकडे सात महिने पडून होतं, ते मी केलं नाही, म्हणून आता हे.

ओरोसच्या एका सरकारी कचेरीत तू एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसलास. आलेलं टपाल नोंदवायचं, जाणारं टपाल नोंदवून पाठवायचं. लोक याला बिनडोक काम म्हणत. तू ते असं करायचास की जणू जिल्हा तुझ्याच जिवावर चाललाय. दुसरीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत तू मला मालवण-ओरोस गाडीने कचेरीत घेऊन गेला होतास. डिंकाची बाटली माझ्या ताब्यात. मी हौसेने लिफाफे चिकटवले, गठ्ठे लावले. संध्याकाळी घरी आल्यावर जेवताना मी सहज म्हणाले, खारेपाटणचं एक पाकीट देवगडच्या गठ्ठ्यात घातलं, कारण तो गठ्ठा बारीक दिसत होता. तुझा घास हातातच राहिला. तू उठलास, हात धुतलास आणि मिळाली ती गाडी पकडून परत ओरोसला गेलास. आई केवढी चिडली होती. परत आल्यावर तू मला ओरडला नाहीस. एवढंच म्हणालास, "कोण तरी वाट बघीत आसतला गो. पत्तो चुकलो तर तेची वाट बघणी फुकट." मला तेव्हा काही कळलं नाही, पण ते वाक्य डोक्यात राहिलं ते राहिलंच. गेले सात महिने ते मला सोडत नव्हतं.

कचेरीत तू शुद्ध मराठीत बोलायचास. "सदर पत्र", "उचित कार्यवाहीस्तव" वगैरे. घरी आलास की चप्पल आणि ती भाषा दोन्ही पायरीवर काढून ठेवायचास. देवाशी तर मालवणीतच. आपल्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. पेरणी असो, लग्न असो, कोणी लांबच्या गावी निघो, घरातल्या मोठ्याने नारळ हातात घेऊन उभं राहायचं आणि कोण, कुठे, कशासाठी चाललंय ते देवाला सविस्तर सांगायचं. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आपल्या घरात ते काम तुझं. तू ते गाऱ्हाणं टपालासारखं घालायचास, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी निघाले त्या दिवशीचं आठवतं? घरापुढच्या खळ्यात पंधरा-वीस माणसं. तू नारळ घेऊन उभा.

"बा देवा म्हाराजा, ह्यां माझा चेडू सातासमुद्रापलीकडे शिकाक जाता आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत काय काटोकुटो आसात तो बाजूक कर, आणि थंय तेका..." इथे तू थांबलास. नारळ तसाच धरून माझ्याकडे वळलास आणि हळूच विचारलंस, "पत्तो काय गो?"

मी म्हटलं, अप्पा, अजून खोली मिळायची आहे, पहिले चार दिवस हॉस्टेल आहे. "चार दिवसांचो तर चार दिवसांचो. सांग." मी मोबाइलमध्ये बघून सांगितला. तू तो अडखळत देवाला वाचून दाखवलास आणि वर म्हणालास, "ह्यो पत्तो तात्पुरतो आसा म्हाराजा, कायमचो मागसून कळवतंय." सगळं खळं हसलं. नानाकाकाला तर ठसका लागला. तू मात्र अजिबात हसला नाहीस.

कायमचा पत्ता तिसऱ्या आठवड्यात मिळाला. बेचाळीस नंबर, तांबडा दरवाजा, बाहेर गुलाबाचं झाड. घरमालकीण सत्तरीची, एकटी, बडबडी. वरची छोटी खोली तिने मला दिली. तुला सांगितलं तर तू लगेच, "उभी रव, गाऱ्हाणा घालतंय." मी व्हिडिओ कॉलवर तिच्या स्वयंपाकघरात उभी, तू इथे देवाच्या खोलीत उभा, आईने फोन धरलेला. म्हातारीने विचारलं, मी काय करायचं? मी म्हटलं, ते थांबले की 'व्हय म्हाराजा' म्हणा. तिने इतक्या मनापासून म्हटलं की तू मधेच थांबून विचारलंस, "ती बाय खंयच्या गावची?"

मग तुझा पुढचा प्रश्न. त्या जागेचा राखणदार कोण? प्रत्येक जागेला राखणदार असतो, त्याला सांगितल्याशिवाय तिथे पथारी टाकायची नसते, हे तुझं ठाम मत. मी म्हटलं, अप्पा, इथे नगरपालिका आहे. तुला राग आला. म्हणून मी म्हातारीला गंमत म्हणून विचारलं, तर तिने चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं की तिच्या आईच्या गावात रस्त्याच्या मधोमध एक काटेरी झाड आहे, त्याला कोणी हात लावत नाही, रस्ता करणाऱ्यांनी रस्ता वळवला पण झाड तोडलं नाही. मी तुला हे सांगितलं. तू लगेच म्हणालास, "बघलंस? थंय पण आसा." दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या कामाला जाताना ओरोसच्या गाडीत तू ही गोष्ट कंडक्टरपासून सगळ्यांना सांगितलीस, असं आईने कळवलं. त्या दिवसापासून तुझ्या गाऱ्हाण्यात "काट्याच्या झाडाच्या राखणदारा" आला तो कायमचा.

ते चार महिने मी सुखात होते, हे मला आता कबूल करायचंय, कारण तेव्हा तुझ्याकडे नुसती कुरकुर केली. थंडी आहे, पाव कोरडा आहे, मासा बेचव आहे. सुखात होते रे. संध्याकाळी म्हातारी टीव्ही बघत बसायची आणि मी तिच्या शेजारी बसून अभ्यास करायचे.

मग ती जिन्यावरून पडली. तिची लेक येऊन तिला घेऊन गेली आणि घर विकायला काढलं. मला दोन आठवडे दिले. त्याच दोन आठवड्यांत माझे पेपर होते. दिवसा पेपर, उरलेल्या वेळात खोल्या बघणं. त्या शहरात खोली मिळणं म्हणजे काय ते तुला सांगून कळलं नसतं. एका खोलीसाठी तीस-तीस जण रांगेत, आणि घरमालक आपल्याला असं निरखतो की जणू आपण गुरांच्या बाजारात उभे आहोत. शेवटी दोन मुलींच्या घरात हॉलमधला सोफा मिळाला. सोफाच. त्या दोघींचं जेवणखाण, बोलणं, टीव्ही सगळं आटोपलं की तो माझा. पुढे निकाल लागला, दोन विषय गेले. ते पुन्हा द्यायचे म्हणजे आणखी काही महिने तिथे तग धरणं आलं, म्हणून वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर धरलं.

खोटं बोलायचं असं काही मी ठरवलं नव्हतं, अप्पा. सोफ्यावर आले त्याच आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "पत्तो तोच मा?" आणि मी म्हटलं, "तोच." एक शब्द. दुसऱ्या दिवशी खरं सांगू असं वाटलं होतं. तू मात्र तोपर्यंत नानाकाकाला, दुकानात, कचेरीतल्या जुन्या मित्रांना बेचाळीस नंबरचं सगळं वर्णन करून मोकळा झाला होतास. मला वाटलं, दुसरी खोली मिळाली की एकदमच सांगू, म्हातारी लेकीकडे गेली आणि मी इकडे आले, असं छान सांगता येईल. खोली काही मिळाली नाही.

आणि तुझी ती सवय. "जरा दार दाखव बघूया." देवाला सांगण्याआधी तुला स्वतःला खात्री लागायची. मग मी काय करायचे माहितेय? दोन बस बदलून त्या गल्लीत जायचे, त्या घरासमोर उभी राहायचे आणि तिथून तुला फोन लावायचे. मागे तांबडा दरवाजा दिसेल अशी. पावसात, वाऱ्यात. "बघ अप्पा, दार." तू इथे नारळ घेऊन उभा, आणि मी परक्याच्या फाटकाबाहेर हात जोडून. एकदा नवा घरमालक बाहेर आला. भला माणूस, विचारलं, काही हवंय का? तू फोनमधून, "कोण तो? तेका राम राम सांग." मी सांगितला. त्याने हात हलवला. तू खूश.

आणि मग त्या माणसाने दरवाजा हिरवा रंगवला. मी तिथे पोचले, फोन लावला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुझ्या तर आधीच आलं होतं. "दरवाजो बदललो कसो?" मी म्हटलं, रंगवला. तू देवाकडे वळलास आणि पूर्ण गांभीर्याने म्हणालास, "म्हाराजा, तांबडो होतो तो आता हिरवो केलोहा, नंबर तोच, घोटाळो करू नको." आई मागून हसत होती. मीही हसले. फोन ठेवल्यावर त्या गल्लीच्या टोकाला एका दुकानाच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. माझा देव हिरव्या दरवाज्यासमोर राखण करत उभा आहे आणि मी बसमधून दुसरीकडेच जातेय, या विचाराने मला वेड लागायची पाळी आली. मी देव मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी रडले.

शेवटचं भांडण. ते टाळून पुढे जावं असं वाटत होतं, पण टाळता येत नाही. दुसऱ्या दिवशी माझा राहिलेल्या विषयांतला एक पेपर होता. तुला वाटलं नेहमीचाच पेपर. तू म्हणालास, "उभी रव." मी कामावरून दमून आले होते, सोफ्यावर त्या मुलींचे मित्र बसले होते, मी न्हाणीघरात उभी राहून बोलत होते. मी म्हटलं, "अप्पा, पुरे झालं. तुझा देव गावाची वेस ओलांडत नाही, तो इथे कशाला मरायला येईल?" तू म्हणालास, "देव येता गो. पत्तो बरोबर होयो, इतक्याच." मी फोन कापला.

त्यानंतर अकरा दिवस आईच बोलत होती. तू पाठीमागच्या खुर्चीवर असायचास. मला तुझं कोपर दिसायचं. मी आईशी बोलताना त्या कोपराकडे बघायचे. तूही हट्टी, मीही हट्टी, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याने आधी बोलावं. बाराव्या दिवशी आईऐवजी नानाकाकाचा फोन आला.

मी पोचले तेव्हा तुला नेऊन दोन दिवस झाले होते. ते सगळं लिहीत नाही. आज सकाळचं लिहिते, कारण ते तुला कोणी सांगणार नाही आणि ते तुझंच आहे.

मी निघणार म्हणून खळ्यात माणसं जमली. बाराव्या-तेराव्याचं सगळं आटोपलं होतं. काही जण म्हणत होते, आईला एकटी टाकून कशाला जातेस. आई म्हणाली, "शिकान अर्धा टाकूचा नाय." मग प्रश्न आला गाऱ्हाण्याचा. तुझ्या जागी नानाकाका उभा राहिला. तुझा चुलतभाऊ, पण देवापुढे बोलायची त्याला सवय नाही. घसा खाकरला, नारळ उचलला आणि खिशातून तुझी डायरी काढली. तुझ्या वळणदार अक्षरात पान होतं. त्याने वाचायला सुरुवात केली, "बेचाळीस नंबर, हिरवो दरवाजो, कंसात, पयलो तांबडो..."

"नानाकाका, थांब," मी म्हटलं. "तो पत्तो खोटो आसा."

"घर बदललंस?"

"सात म्हयने झाले."

मग सगळं सांगितलं. म्हातारी, सोफा, नापास झालेले विषय, बटाटे, त्या दरवाज्यासमोरचे फोन. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती आत निघून गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे सात म्हयने अप्पान चुकीच्या पत्त्यार..." मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. छे. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

नानाकाकाने नारळ माझ्यापुढे धरला. "चूक जेची, तेनाच सांगूची. माझ्या तोंडान सांगलेला देव ऐकाचो नाय."

"बायलमाणूस गाऱ्हाणा घालता काय खंय?" मागून एकजण.

"मगे तू घाल," नानाकाका त्याच्यावर उखडला. "तुका म्हायत आसा ती रवता खंय ता?"

तर अप्पा, मी घातलं. तुझ्यासारखं नाही जमलं. अर्धं मालवणी, अर्धं पुस्तकी. "बा देवा म्हाराजा, मी खोटा बोललंय." "व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात. "मी दोन विषयांत नापास झालंय." "व्हय म्हाराजा!" एवढ्या माणसांनी आपल्या नापास होण्याला इतक्या उत्साहाने होकार द्यावा, हे ऐकून मला रडता रडता हसू फुटलं. तू असतास तर दोन दिवस बोलला नसतास आणि तिसऱ्या दिवशी हसला असतास. मी सोफ्याचा पत्ता सांगितला, रस्ता, मजला, सगळं. राहिलेला दुसरा पेपरही देणार आहे हे सांगितलं. पास होईन असं मात्र म्हणाले नाही. मग गाऱ्हाण्यात नसलेलं एक वाक्य माझ्या तोंडून गेलं. "अप्पाक चुकीचो पत्तो मी दिलंय, तेचो दोष तेका लावू नको." यावर 'व्हय म्हाराजा' यायला वेळ लागला. नानाकाका आधी बोलला, बाकीचे मागून. आईचा आवाज त्यात नव्हता.

तुला आतून कळलं होतं का? हा प्रश्न मी दोन आठवडे डोक्यात फिरवतेय. गाडीत बसण्याआधी आईला विचारलं. ती म्हणाली, "नाय. कळला आसता तर तेना मरापर्यंत झोप घेतली नसती." मला वाटायचं, तुला कळलं असेल आणि तू मला सांभाळून घेत असशील. तसं काही नव्हतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, एवढंच. मला माफ कर, हे म्हणायला मी उशीर केला. तुझ्यामुळे मी त्या शहरात गेले, भावकीत सगळे नको म्हणत असताना तू एकटा हो म्हणालास, आणि तुलाच मी तिथे काय चाललंय ते कळू दिलं नाही.

गाडी सुरू झाली. आई खिडकीशी आली. खळ्यात सगळं सांगितल्यापासून, त्या एका उत्तरापलीकडे, ती माझ्याशी बोलली नव्हती. मला वाटलं, आता ऐकवेल. तिने काचेवर हात ठेवला आणि विचारलं, "त्या सोफ्यार पाय सरळ होतत काय गो तुझे?"

"होतत आये. जरा आखडूचे लागतत."

"जरा म्हंजे किती?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं. तिने ते अंतर नीट बघून घेतलं, डोळ्यांना पदर लावला आणि ड्रायव्हरला म्हणाली, जा आता. अप्पा, हा प्रश्न तू मला पहिल्याच दिवशी विचारला असतास. मी तुला तो विचारूच दिला नाही.